शिक्षकांचा अभ्यासगट: पहिल्या वर्षी काय करावं, कसं करावं

एकाच विषयाचे किंवा एकाच इयत्तेचे शिक्षक ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात. आपल्याच वर्गांतल्या मुलांचं काम समोर ठेवतात आणि शिकवण्यातला एखादा बदल ठरवतात. तो आपापल्या वर्गात करून बघतात आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं ते पुन्हा मुलांच्या कामावरूनच तपासतात. अभ्यासगट म्हणजे एवढंच. प्रशिक्षण शिबिरात बाहेरचा तज्ज्ञ बोलतो आणि शिक्षक ऐकतात. इथे तज्ज्ञ कुणी नसतो, पण स्वतःचा वर्ग मात्र सतत टेबलावर असतो.

नुसतं एकत्र बसल्याने हे होत नाही. अमेरिकी अभ्यासक ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९९० मध्ये शिक्षकांमधल्या सहकार्याचे चार प्रकार मांडले: एकमेकांना वर्गातले किस्से सांगणं, कुणी मागितली तर मदत करणं, साहित्य आणि कल्पना वाटून घेणं, आणि जबाबदारी वाटून घेऊन एकच काम मिळून करणं. पहिले तीन प्रकार स्टाफरूममध्ये चहा पिता पिता आपोआप चालतात आणि त्यांत वाईट काहीच नाही. पण त्यांनी शिकवणं फारसं बदलत नाही, कारण त्यात कुणालाच आपल्या पद्धतीबद्दल काही उघड करावं लागत नाही. चौथा प्रकार आपोआप होत नाही, त्याला बांधणी लागते. खाली दिलेलं सगळं त्या बांधणीबद्दल आहे.

माणसं आणि वेळ

गट चार ते सहा जणांचा असावा. तिघांचाही चालतो, पण एक जण रजेवर गेला की दोघंच उरतात आणि बैठक पुढे ढकलली जाते. आठच्या वर संख्या गेली की दोन-तीन जण नुसते बसून राहतात, तेव्हा सरळ दोन गट करा. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डिलन विल्यम यांनी सुचवलेल्या रचनेत गट थोडा मोठा, साधारण आठ ते दहा जणांचा असतो आणि बैठक महिन्यातून एकदा, पण सव्वा ते दोन तासांची असते. तिथे प्रत्येक जण स्वतःचा वेगळा बदल निवडतो. सगळ्यांनी मिळून एकाच घटकावर काम करायचं असेल तर लहान गट आणि जवळजवळच्या बैठकाच बऱ्या: दर पंधरा दिवसांनी एक तास. आठवड्याला ४५ मिनिटं मिळाली तर उत्तमच.

सर्वांत सोयीचा गट म्हणजे तोच विषय त्याच इयत्तेला शिकवणाऱ्यांचा, कारण सगळ्यांचा घटक एकाच वेळी चालू असतो. लहान शाळेत विषयाला एकच शिक्षक असेल तर विषय बाजूला ठेवून कौशल्याभोवती गट बांधा: मुलांना प्रश्न कसे विचारतो, उतारा वाचून त्यातला मुद्दा मुलांना सांगता येतो का, वहीवर लिहिलेल्या शेऱ्याचं पुढे काय होतं. किंवा शेजारच्या शाळेतल्या त्याच विषयाच्या शिक्षकाबरोबर व्हिडिओ कॉलवर बसा. त्यासाठी उत्तरपत्रिकांचे फोटो आदल्या दिवशी पाठवलेले हवेत. कॉल चालू असताना फोटो शोधत बसलं की वीस मिनिटं तिथेच जातात.

वेळ वेळापत्रकातच हवी. शाळा सुटल्यावरची बैठक पहिले दोन महिने चालते, मग कुणाची बस असते, कुणाचं मूल पाळणाघरात असतं, आणि गट विरतो. वर्षाचं वेळापत्रक लागायच्या आधीच ते लावणाऱ्या शिक्षकांना भेटा आणि गटातल्या सगळ्यांचा आठवड्यातला एक ऑफ तास एकाच वेळी येईल असं बघा. वर्ष सुरू झाल्यावर हे मागितलं तर सगळं वेळापत्रक हलवावं लागतं आणि कुणी हलवत नाही. त्या तासाला गटातल्या कुणालाही बदली तास लावायचा नाही, हे मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घ्या. ही एक गोष्ट जमली नाही तर बाकीचं करून उपयोग नाही, इतकी ती मूळची आहे.

दोन कामं वाटून द्या. एक जण बैठक चालवतो: घड्याळ बघतो, विषय भरकटला की परत आणतो. दुसरा नोंद ठेवतो. बैठक चालवणारा दर चार-पाच बैठकांनी बदला, पण दर वेळी बदलू नका, नाहीतर कुणालाच ते काम नीट येत नाही. सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांकडे हे काम आपोआप जाऊ देऊ नका. ज्येष्ठ माणूस बैठक चालवायला लागला की बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

आधी ठरवून घ्यायच्या गोष्टी

नियमांची लांबलचक यादी करू नका, कुणी वाचत नाही. चार गोष्टी पुरतात, पण त्या पहिल्याच बैठकीत मोठ्याने बोलून घ्या.

पहिली, गटात आलेले मुलांचे गुण किंवा उत्तरं शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाहीत. हे मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन सांगायला हवं. बैठक चालवणाऱ्याने सांगून भागत नाही. याबद्दल जरा जरी शंका उरली तरी पुढच्या वेळी टेबलावर फक्त हुशार मुलांच्या वह्या येतात.

दुसरी, कुणीही रिकाम्या हाताने यायचं नाही. बैठकीचं प्रवेशपत्र म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलांचं काम. तिसरी, मुलांबद्दल बोलताना आधी पुरावा, मग मत. ‘ही मुलं लक्षच देत नाहीत’ हे मत झालं. ‘बावीस मुलांनी तिसरा प्रश्न सोडला’ हा पुरावा झाला. चौथी, सहल, स्नेहसंमेलन, परिपत्रक, कुणाची पाळी कधी, यातलं काहीही या तासात नाही. त्यासाठी भिंतीवर एक कागद लावा आणि असला विषय निघाला की त्यावर लिहून पुढे जा. हा शेवटचा नियम सर्वांत साधा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त वेळा मोडतो.

कशावर काम करायचं ते ठरवणं

इथे नवे गट हमखास चुकतात. पहिल्या बैठकीत विषय निघतो ‘मुलं गणितात कच्ची आहेत’ किंवा ‘मुलांना लिहिता येत नाही’. इतक्या मोठ्या विषयावर पंधरा दिवसांत काहीच करता येत नाही, आणि सहा महिन्यांनीही काय बदललं ते सांगता येत नाही. तो विषय तीन-चार वेळा खाली उतरवा. गणितात कच्ची म्हणजे कशात? अपूर्णांकात. कोणत्या? दशांश अपूर्णांकात. त्यांचं काय येत नाही? लहान-मोठेपणा ओळखता येत नाही. ‘दशांश अपूर्णांकांची तुलना’ हा कामाचा विषय झाला.

निवडलेला विषय बरोबर आहे का, हे बघायला तीन प्रश्न विचारा. हे न आल्यामुळे पुढे आणखी काही अडतं का? (दशांश तुलना न आलेलं मूल मोजमापात आणि शेकडेवारीत अडखळतं.) हे आपल्या शिकवण्याने बदलू शकतं का? (घरी अभ्यासाला जागा नाही ही खरी अडचण आहे, पण ती या गटाच्या हातातली नाही.) आणि चार ते सहा आठवड्यांत फरक दिसू शकतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच पुढे जा. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड ड्युफोर यांनी रूढ केलेले चार प्रश्नही गटांना उपयोगी पडतात: मुलांनी नेमकं काय शिकावं, शिकलं हे कसं कळेल, नाही शिकलं तर काय करू, आणि आधीच येत असेल तर काय करू. चौथा प्रश्न बहुतेक गट विसरतात, आणि येणारी मुलं तासभर जांभया देत बसतात.

सामायिक प्रश्न कसे तयार करावेत

सगळ्यांच्या वर्गात एकच छोटी चाचणी द्यायची: चार ते सहा प्रश्न, दहा-पंधरा मिनिटं, गुण नाहीत. घटक चाचणीची जुनी प्रश्नपत्रिका काढून देऊ नका. ती मुलांना गुण देण्यासाठी केलेली असते. आपल्याला हवं आहे मूल काय विचार करतं ते, म्हणून प्रश्न असा पाहिजे की चुकीचा विचार करणाऱ्या मुलाचं उत्तरही चुकीचंच येईल. वाक्य सोपं आहे, प्रश्न तसा तयार करणं सोपं नाही. गटाचा एक पूर्ण तास यावर गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

उदाहरण बघा. ‘चढत्या क्रमाने लावा: ०.३५, ०.४, ०.१२५.’ प्रश्न बरा दिसतो. बरोबर उत्तर ०.१२५, ०.३५, ०.४. आता दोन चुकीचे विचार घ्या, जे जगभरच्या वर्गांत सापडतात आणि ज्यांचा मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी बारकाईने अभ्यास केला. काही मुलांना वाटतं, दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या मोठी, कारण ती ३५, ४ आणि १२५ अशीच वाचतात. ती ०.४, ०.३५, ०.१२५ असं लिहितील. चूक पकडली गेली. पण काही मुलांना उलटं वाटतं: जास्त अंक म्हणजे लहान संख्या. त्यांनी ‘सहस्रांश हा दशांशापेक्षा लहान’ एवढं ऐकलेलं असतं आणि ते प्रत्येक ठिकाणी लावतात, किंवा ०.३५ ला मनात १/३५ समजतात. ही मुलं ०.१२५, ०.३५, ०.४ असं लिहितील, म्हणजे बरोबर! त्यांना पूर्ण गुण मिळतील, शिक्षक खूश होतील आणि चुकीचा विचार तसाच पुढच्या इयत्तेत जाईल.

त्याच जागी ०.६, ०.४५, ०.७८२ या संख्या द्या. बरोबर क्रम ०.४५, ०.६, ०.७८२. ‘जास्त अंक म्हणजे मोठी’ समजणारं मूल लिहील ०.६, ०.४५, ०.७८२. ‘जास्त अंक म्हणजे लहान’ समजणारं लिहील ०.७८२, ०.४५, ०.६. तीन विचार, तीन वेगळी उत्तरं. उत्तरपत्रिका वाचायचीही गरज उरत नाही, नुसते गठ्ठे करायचे. याच्या जोडीला ४.७ आणि ४.०८ यातली मोठी कोणती ते विचारा: दशांश चिन्हानंतरचं शून्य संख्या लहान करतं एवढंच पाठ असलेलं मूल इथे बरोबर येईल आणि वरच्या प्रश्नात चुकेल. ०.७३ आणि ०.३७ यांसारखी सारख्या अंकांची जोडी मात्र टाकू नका, तिथे बहुतेक मुलं बरोबर येतात आणि फारसं काही कळत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बऱ्याच सरावसंचांत नेमक्या अशाच जोड्या भरलेल्या असतात.

भाषेत, विज्ञानात, इतिहासातही हेच करायचं असतं. प्रश्न ठरवताना गटातल्या प्रत्येकाने आधी स्वतः मूल होऊन चुकीची उत्तरं लिहावीत. एखाद्या प्रश्नाला दोन वेगळ्या चुकीच्या विचारांनी एकच उत्तर येत असेल तर तो बदला. शेवटी एक ‘असं का वाटलं ते एका ओळीत लिही’ असा प्रश्न ठेवा. सगळी मुलं लिहिणार नाहीत, पण जी लिहितात त्यांच्या ओळींनी बैठकीतली अर्धी चर्चा मिटते.

उत्तरपत्रिकांची बैठक

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून मिनिटांचा हिशेब देतो आहोत. बैठक एक तासाची धरली आहे.

• पहिली ५ मिनिटं: मागच्या बैठकीत काय ठरलं होतं ते नोंद ठेवणारा वाचून दाखवतो.
• १० मिनिटं: प्रत्येकाने वर्गात काय केलं, दोन-अडीच मिनिटांत. ‘जमलं नाही, पाहुणे आले होते’ हेही सांगायचं, पण त्यावर चर्चा नाही.
• ५ मिनिटं: सगळ्या वर्गांच्या मिळून बारा-पंधरा उत्तरपत्रिका टेबलावर. नावं झाकलेली. कुणीही बोलायचं नाही, फक्त बघायचं.
• १० मिनिटं: काय दिसतं ते सांगायचं. कारण नाही, उपाय नाही.
• १० मिनिटं: मूल असं का करत असेल.
• १५ मिनिटं: आपण पुढच्या पंधरा दिवसांत काय वेगळं करणार, आणि ते कोणत्या तासाला.
• ५ मिनिटं: नोंद लिहिणं, पुढच्या वेळी काय आणायचं ते ठरवणं.

चौथा टप्पा सर्वांत अवघड जातो. शिक्षकाला चूक दिसली की उपाय सुचतोच, तो धंद्याचा गुण आहे. पण दहा मिनिटांच्या आत उपाय निघाला की चर्चा त्याच उपायाभोवती फिरते आणि बाकीच्या उत्तरपत्रिका तशाच पडून राहतात. बैठक चालवणाऱ्याने इथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा वापरावं: ‘हे कागदावर कुठे दिसतं?’ बोलणं साधारण असं असावं:

‘या चौघांनी ०.७८२ सगळ्यात आधी लिहिलंय.’
‘त्यांना दशांश आलेच नाहीत.’
‘हे कागदावर कुठे दिसतं?’
‘... बरं. चौघांनीही ४.०८ पेक्षा ४.७ मोठी लिहिलीय, म्हणजे ते बरोबर आहे. एकाने खाली लिहिलंय, “जास्त भाग केले की भाग लहान होतो.”’

शेवटच्या ओळीत सगळं आलं. मुलाला भागांची कल्पना आहे. किती भाग घेतले ते मात्र ते मोजत नाही. ‘दशांश आलेच नाहीत’ म्हणून पहिल्यापासून सगळं पुन्हा शिकवलं असतं तर हे मूल तिथेच राहिलं असतं.

कोणत्या उत्तरपत्रिका आणायच्या, हेही आधी ठरवा. पूर्ण वर्गाचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्यातल्या एक-दोन आणा. सगळा वर्ग टेबलावर ओतला तर वाचून होत नाही, आणि फक्त ‘वाईट’ पेपर आणले तर आपल्या वर्गात बरोबर विचार करणारी मुलं कशी करतात ते दिसत नाही. गठ्ठ्यांचे आकडे मात्र पूर्ण वर्गाचे आणा: किती मुलं कोणत्या विचाराची.

हे आकडे आधी सगळ्या तुकड्यांचे एकत्र करा. ‘अ’ तुकडी विरुद्ध ‘ब’ तुकडी अशी तुलना पहिल्या दोन-तीन बैठकांत अजिबात करू नका, ती लगेच शिक्षकांची तुलना होते. गट रुळल्यावर एखाद्या तुकडीत ठळक फरक दिसला तर विचारायचा प्रश्न ‘तुझ्या वर्गात जास्त बरोबर कशी?’ एवढाच. एक-दोन मुलांच्या फरकावरून काही ठरवू नका. चाळीसच्या वर्गात तेवढं इकडेतिकडे होतंच.

एक बदल, सगळ्यांनी

बैठकीतून एकच बदल बाहेर पडला पाहिजे. तो इतका नेमका हवा की दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने वाचला तरी तसाच करता येईल. ‘संकल्पना नीट समजावणे’ हा बदल नाही. ‘तुलना शिकवण्याआधी दोन तासिका संख्यारेषेवर काम: ० ते १ ची एक मीटरची पट्टी, दहा भाग, मग ०.४ आणि ०.५ यांच्यामधला तुकडा मोठा काढून त्याचे दहा भाग, मुलांनी ०.४५ स्वतः मांडायचं’ हा बदल आहे.

इथे एक अडचण नक्की येते. कुणीतरी म्हणतं, एवढं कशाला, शेवटी शून्य लावून अंक सारखे करायला शिकवा: ०.६० आणि ०.४५. खरं आहे, त्याने उत्तरं बरोबर येतात, तीही दुसऱ्या दिवसापासून. पण मूल मग ६० आणि ४५ यांचीच तुलना करतं. त्याला नंतर विचारा, ‘०.६ आणि ०.७ यांच्यामध्ये एखादी संख्या आहे का?’ शून्यं लावून शिकलेली बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात. गटात असा वाद झाला तर तो तोंडाने मिटवू नका. दोघांनी एक पद्धत, दोघांनी दुसरी घ्यावी, आणि दोन्हीकडे हाच प्रश्न शेवटी विचारावा. पुढच्या बैठकीत कागद बोलतील.

बदल करणार कोण, कधी, कोणत्या वर्गात, हे बैठकीतच प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायचं. ‘या आठवड्यात बघतो’ असं तोंडी सांगितलेलं काम होत नाही. ‘गुरुवारी, तिसरा तास, सातवी ब’ असं लिहिलेलं बहुतेक वेळा होतं.

एकमेकांचे तास बघणं

पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे करू नका. गट थोडा घट्ट झाल्यावर, दर सत्रात एकदा, सगळ्यांनी मिळून एक तास आखायचा, एकाने तो घ्यायचा आणि बाकीच्यांनी बघायचा. जपानमध्ये ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे आणि तिथे ती शिक्षकाच्या नेहमीच्या कामाचा भाग समजली जाते. चीनमध्येही १९५० च्या दशकापासून शाळांमध्ये विषयवार शिक्षकगट असेच एकत्र पाठ आखतात, एकमेकांचे तास बघतात.

आखणीला दोन बैठका द्या. आखताना प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: मुलं यावर काय काय म्हणतील, आणि त्यातल्या प्रत्येक उत्तरावर शिक्षक काय म्हणेल. हा रकाना रिकामा असेल तर तास आखलेलाच नाही.

बघायला येणाऱ्यांनी मागच्या बाकावर बसायचं नाही. मागून फक्त शिक्षक दिसतो. प्रत्येकाने दोन-तीन मुलांच्या शेजारी, थोडं बाजूला बसावं आणि त्यांच्या वहीत काय उमटतं, ती एकमेकांना काय म्हणतात, कुठे थांबतात, ते वेळेसकट लिहावं. मुलाला मदत करायची नाही, खूण करायची नाही, ‘बघ बरं परत’ असंही नाही. अनुभवी शिक्षकाला हे सर्वांत जड जातं.

तास झाल्यावर त्याच दिवशी ४५ मिनिटं बसा. आधी तास घेणारा बोलतो, मग बघणारे. बघणाऱ्यांनी ‘तुम्ही’ किंवा ‘तू’ने वाक्य सुरू करू नये, मुलाच्या नावाने करावं. ‘तू उदाहरण घाईत घेतलंस’ आणि ‘खिडकीजवळच्या मुलीने दुसरं उदाहरण सुरू होईपर्यंत पहिल्याची आकृतीही काढली नव्हती’ या दोन्हीत माहिती एकच आहे, पण दुसरं ऐकून घेता येतं. शिवाय तास सगळ्यांनी मिळून आखलेला आहे, त्यामुळे फसलेला भागही सगळ्यांचा आहे.

नोंद

एका चक्राला, म्हणजे एका विषयावर पहिल्या चाचणीपासून दुसऱ्या चाचणीपर्यंतच्या कामाला, एक पान. त्यात विषय, वापरलेले प्रश्न, गठ्ठ्यांचे आकडे, केलेला बदल, दुसऱ्या चाचणीतले आकडे आणि ‘पुढच्या वर्षी हा घटक शिकवताना काय आधी करायचं’ ही एक ओळ. याहून जास्त लिहायला लावलं तर नोंद ठेवणारा पळून जातो. शाळेला फोटोंसकट अहवाल हवा असेल तर तो वेगळा, वर्षातून एकदा. बैठकीत कॅमेरा आला की सगळे सरळ बसतात आणि छान छान बोलतात.

कुठे बिघडतं

सगळे फार गोड वागतात. तीन बैठका होऊनही कुणी कुणाशी असहमत झालेलं नाही, याचा अर्थ बहुधा कुणी खरं काम टेबलावर ठेवलेलंच नाही. उपाय: गटातल्या सर्वांत अनुभवी माणसाने आपल्या वर्गातली सगळ्यात फसलेली उत्तरपत्रिका आधी ठेवावी. नव्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करू नका.

चर्चा मुलांच्या घरांकडे वळते. पालक लक्ष देत नाहीत, मोबाइल फार झाला, खालच्या इयत्तेत शिकवलंच नाही. यातलं बरंच खरं असतं, म्हणूनच ते थांबवणं अवघड जातं. पाच मिनिटं बोलू द्या, मग प्रत्येक कारणासमोर ‘या गटाच्या हातात आहे / नाही’ अशी खूण करा आणि ‘आहे’वाल्यांवर या.

आदेश वरून येतात. बैठकीचा विषय, नमुना, फॉर्म सगळं ठरवून पाठवलं जातं. कॅनडातले अभ्यासक अँडी हारग्रीव्ह्ज यांनी अशा ओढूनताणून आणलेल्या सहकार्याबद्दल १९९० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे: बैठका होतात, कागद भरतात, शिकवणं जिथल्या तिथे. मुख्याध्यापकांनी वेळ द्यावी, बदली तास आणि झेरॉक्सची सोय करावी, सत्रातून एक-दोनदा श्रोता म्हणून बसावं, आणि विषय मात्र गटाला निवडू द्यावा.

एक चक्र पूर्ण व्हायच्या आधीच विषय बदलतो. कारण बहुधा कंटाळा नसतो, परीक्षा आलेली असते. म्हणून वर्षाला तीन किंवा चारच चक्रं धरा, प्रत्येक साधारण सहा आठवड्यांचं, आणि परीक्षेच्या महिन्यात बैठकच ठेवू नका. ‘या महिन्यात नाही’ असं आधी ठरवलेलं असलं की पुढच्या महिन्यात लोक येतात. न सांगता चुकलेल्या बैठकीनंतर येत नाहीत.

आणि दुसरी चाचणी राहून जाते. बदल केला, वर्ग रमला, सगळ्यांना बरं वाटलं, विषय संपला. बदलाचा परिणाम झाला की नाही, हे त्याच विचारांना पकडणारे वेगळे आकडे देऊनच कळेल (उदा. ०.८, ०.५३, ०.९१४), आणि तेही शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी देऊन भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी द्या, तेव्हा टिकलं तेवढंच शिकलं.

नवा शिक्षक मध्येच गटात आला तर त्याला आधीची सगळी पानं वाचायला देऊ नका. शेवटचं एक पान आणि त्यातल्या पाच उत्तरपत्रिका द्या, पहिल्या बैठकीत नुसतं बसू द्या, आणि दुसऱ्या बैठकीला येताना त्यानेही आपल्या वर्गाचे गठ्ठे घेऊन यायचे.